हात बसण्याचा खर्च

अनुभवी माणसावर आपल्या मध्यमवर्गीयांची फार श्रद्धा. न्हावी अनुभवी हवा, वकील अनुभवी हवा, लग्नातला आचारी तर आणखीनच अनुभवी हवा. एक जावई सोडला, तर बाकी सर्व जागांसाठी आपण अनुभवाची अट घालतो. पण हा अनुभव येतो कुठून, हे कुणी विचारत नाही. तो काही वाण्याकडे पुडीत बांधून मिळत नाही. कुणावर तरी घ्यावा लागतो. आज सफाईनं वस्तरा फिरवणाऱ्या न्हाव्याखाली कधीकाळी कुणाची तरी पहिली हनुवटी होती. आचाऱ्याच्या पहिल्या जिलब्या कुठल्यातरी वऱ्हाडानं मुकाट्यानं खाल्लेल्या आहेत. नवकवींच्या बाबतीत तर आपण सगळेच वऱ्हाडी.

पण हनुवटीवरचं ओरखडं भरून येतं, जिलबी पचते, कविता विसरता येते. सर्जनचं काय? त्याचाही कुणीतरी पहिला पेशंट असतोच. जगातल्या प्रत्येक नामांकित सर्जनचा एक पहिला पेशंट होऊन गेला आहे, आणि त्या बिचाऱ्याला बहुधा आपला नंबर माहीत नव्हता.

मी बी.कॉम. आहे आणि गेली वीस-बावीस वर्षं बँकेत क्लार्क आहे. त्यामुळे कुठलीही गोष्ट समोर आली की ती नावे टाकायची की जमा, हा प्रश्न मला आधी पडतो. सर्जनच्या खात्यात अनुभव जमा झाला, उत्तम. पण जमा आहे तिथं नावे असणारच. ही रक्कम नावे कुणाच्या पडली?

एरवी या प्रश्नावाचून माझं काही अडलं नसतं. पण एकाच वर्षात दोन गोष्टी झाल्या. आमच्या ताईच्या मुलाला आमच्याच गावच्या सरकारी मेडिकल कॉलेजात एम.एस. सर्जरीला ॲडमिशन मिळाली, आणि मला हर्निया झाला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. ताई मात्र म्हणाली, "बरं झालं, आता डॉक्टर घरचाच आहे!" बरं नक्की काय झालं, हे मी विचारलं नाही.

भाचा हॉस्टेलवर राहायचा आणि सुटी मिळालीच तर रविवारी आमच्याकडे यायचा. सुटी मिळायची ती महिन्यातून एखाद-दुसऱ्यांदा. आला की जेवायचा, झोपायचा आणि उठून गाठी मारत बसायचा. खिशात कायम रेशमी दोऱ्याचं रीळ. त्या वर्षी आमच्या घरातली एक कडी मोकळी राहिली नाही. सौ. फोडणीसाठी मोहरीचा ड्रॉवर उघडायला जायची, तर त्याच्या मुठीवर ओळीनं अकरा गाठी. तेल तापून धूर यायचा आणि ती कात्री शोधत फिरायची. गाठींवरून तो केळ्यांवर आला. केळ्याच्या सालीला चीर द्यायची आणि ती टाके घालून पुन्हा बंद करायची. शेजारचे काका एकदा गप्पा मारायला आले असताना सौ.नं नजरचुकीनं त्यातलंच एक केळं त्यांच्यापुढं ठेवलं. काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "वहिनी, याचे टाके कधी काढायचे?"

"अरे, तुम्हांला तिकडं काही शिकवत नाहीत का?" मी भाच्याला म्हणालो.

"शिकवतात ना मामा. घरी जा आणि केळी शिवा, हेच शिकवतात."

दरम्यान माझ्या हर्नियाचं काय करायचं, हा विषय घरात सुरू होताच. डॉक्टर म्हणाले होते, घाई नाही, पण चार-सहा महिन्यांत उरकून टाका. बँकेचा विमा असल्यामुळे एखाद्या खाजगी हॉस्पिटलात नामवंत सर्जनकडे जाणं शक्य होतं. भाचा म्हणाला, "आमच्या सरांकडेच करू या. हर्नियात त्यांच्यासारखा हात नाही."

"म्हणजे तुझे सर करतील ना?"

"सर असतील."

मी सावध झालो. बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला क्रियापदातला फरक चटकन कळतो. "असतील म्हणजे? करतील की असतील?"

"असतील," भाचा म्हणाला. "करेल आमचा थर्ड इयरचा सीनियर. सर समोर उभे राहतील."

त्या 'असतील'चा अर्थ लावण्यात माझे पुढचे चार-पाच रविवार गेले. माझी अवस्था पाहून भाच्यानं सर्जन कसा घडवतात हे मला पहिल्यापासून समजावून द्यायला घेतलं. माणूस शिकतो कसा, यावर पुष्कळ शास्त्र झालेलं आहे, हे मला तेव्हा कळलं. आमच्या वेळी शिकण्याचं एकच शास्त्र होतं आणि ते मास्तरांच्या टेबलावर आडवं ठेवलेलं असायचं.

सुरुवात त्यानं अमेरिकेपासून केली. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल १८८९ साली सुरू झालं. तिथल्या विल्यम हॉलस्टेड या सर्जननं शिकाऊ डॉक्टरांना हॉस्पिटलातच राहायला लावलं आणि पायरीपायरीनं जबाबदारी द्यायला सुरुवात केली. राहतो म्हणून रेसिडेंट. खालच्या पायरीवर पुष्कळजण, वर पोचणार एखादाच. आमच्या बँकेतल्या प्रमोशनसारखं. पुढं या साऱ्या शिक्षणाचं एक सुटसुटीत ब्रीदवाक्य झालं: एक बघा, एक करा, एक शिकवा.

"एकच?" मी ओरडलो. "अरे, तुझ्या मामीला उकडीचे मोदक जमायला सात गणपती लागले!"

"म्हणून तर आता ते ब्रीदवाक्य मागं पडलं, मामा. आणि तसं म्हटलं तर आपला सुश्रुत त्याच्या कितीतरी आधी शहाणा होता."

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय या एकाच गोष्टीला वाहिलेला आहे. सगळं शास्त्र पाठ असलं तरी ज्यानं हातानं सराव केला नाही तो कामाला अयोग्य, असं तिथं स्वच्छ म्हटलंय. आणि सराव कशावर? कापायचा कोहळ्यावर, दुधी भोपळ्यावर, कलिंगडावर, काकडीवर. शीर उघडायची ती मेलेल्या जनावराची, नाहीतर कमळाच्या देठाची. शिवायचं कापडावर आणि मऊ कातड्यावर. पट्ट्या बांधायच्या त्या कापडाच्या बाहुल्याला. कीड लागलेल्या लाकडात सळई घालून आत काय आहे ते चाचपायचं. मला हे फार आवडलं. आमच्या शाळेत ज्याच्या हाती भोपळा यायचा तो नापास. सुश्रुताच्या शाळेत भोपळा हाती आल्याशिवाय पास होण्याची सोय नव्हती. सौ. म्हणाली, "म्हणजे केळ्यांचं खूळ याचं नव्हे, परंपरेचंच आहे," आणि त्या दिवसापासून तिनं फ्रिजमध्ये शिवायची केळी आणि खायची केळी असे दोन कप्पे केले.

पुढच्या रविवारी मी विचारलं, "पण गाठी एवढ्या कशाला? दहा-वीस मारल्या की समजतंच की."

"समजतं, पण हाताला समजत नाही," भाचा म्हणाला. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली हातकामाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिलीत माणूस प्रत्येक हालचाल डोक्यानं करतो. दुसरीत हालचाली एकमेकींना जोडल्या जातात, चुका कमी होतात. तिसरीत हात आपला आपण चालतो आणि डोकं मोकळं होतं.

मला याचा दाखला शोधायला काउंटर सोडावं लागलं नाही. नवा क्लार्क कॅशला बसला की ओठ हलवत नोटा मोजतो. सत्तेचाळीसपर्यंत येतो, तेवढ्यात खिडकीतून कुणीतरी विचारतं, "साहेब, पासबुक भरून मिळेल का?" की पुन्हा एकपासून. आणि आमचे जुने हेडकॅशियर शंभर नोटांची गड्डी मोजता मोजता मुलीच्या सासरच्या तक्रारी सांगायचे. नोट कधी चुकली नाही आणि तक्रारही कधी गळली नाही. आता मोजायला मशीन आलंय, पण मशीननं परत टाकलेली नोट बोटाला लगेच कळते ती अशाच माणसाच्या. थोडक्यात, पोट उघडून ठेवलेलं असताना गाठ कशी मारायची याचा विचार सर्जननं करता कामा नये. रक्त कुठून येतंय याचा करावा. म्हणून गाठींचा नंबर आमच्या मोहरीच्या ड्रॉवरवर आधी लागतो.

दुसरी एक गंमत त्यानं सांगितली ती शिंप्यांची. जीन लेव्ह नावाच्या संशोधक बाईंनी आफ्रिकेतल्या लायबेरिया देशात शिंप्यांची शिकाऊ पोरं कशी शिकतात ते पाहिलं, आणि १९९१ साली एतिएन वेंगर यांच्याबरोबर पुस्तक लिहिलं. कपडा तयार होतो तो कापणं, शिवणं, मग बटणं अशा क्रमानं. पोरं शिकतात ती नेमकी उलट. आधी बटणं आणि हातशिलाई, मग मशीनची शिवण, आणि कात्री सर्वांत शेवटी. कारण बटण वाकडं लागलं तर उसवता येतं; कापड चुकीचं कापलं तर गेलं. शिवाय बटणं लावता लावता पोराला सबंध सदरा कसा असतो ते कळून चुकलेलं असतं. सर्जरीतही तसंच. पहिल्यांदा रिट्रॅक्टर धरून मुकाट उभं राहायचं, मग सरांनी मारलेल्या गाठीचा दोरा कापायचा, मग शेवटचे कातडीचे टाके, आणि असं करत करत आत.

"म्हणजे तू सध्या काज-बटणांवर आहेस?"

"दोरा कापण्यावर," तो नम्रपणे म्हणाला. "तोही सर म्हणतात, लांब ठेवलास."

मग एकदा टोरांटोचा प्रयोग निघाला. २००६ साली तिथं अडतीस शिकाऊ सर्जनना बारीक रक्तवाहिन्या जोडायला शिकवलं. निम्म्यांना चारही पाठ एकाच दिवशी दिले, निम्म्यांना दर आठवड्याला एक असे चार आठवडे. पाठ तेच, तेवढेच. महिन्याभरानं परीक्षा घेतली तेव्हा आठवड्याआठवड्यानं शिकलेल्यांचा हात सरस निघाला. मला आश्चर्य वाटलं नाही. मी सबंध कंपनी लॉ एका रात्रीत प्यायलो होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरावर ओतून मोकळा झालो होतो. आज त्यातला 'लिमिटेड' हा एकच शब्द अंगी उरलाय. शिकलेलं मुरायला मध्ये रिकामे दिवस लागतात. लोणच्याला हे कायम ठाऊक होतं, शिक्षणखात्याला अजून कळायचंय.

एव्हाना मला धीर येऊ लागला होता, पण त्या 'असतील'चा काटा निघाला नव्हता. तो निघाला ओले टेन काटे या गृहस्थांमुळे. नाव ऐकून पावसाळ्यातलं कुंपण डोळ्यांपुढं येतं, पण गृहस्थ हॉलंडातले वैद्यकीय शिक्षणाचे तज्ज्ञ आहेत. २००५ साली त्यांनी मांडलं की डॉक्टर किती वर्षं शिकला हे मोजत बसू नका; कुठलं काम त्याच्यावर कितपत सोपवता येईल, ते कामागणिक ठरवा. आधी फक्त पाहील, मग शेजारी उभं राहून करवून घ्या, मग हाकेच्या अंतरावर राहा, मग एकट्याला करू द्या.

"अरे, ही तर पासिंग पॉवर!" मी जवळजवळ उडालोच, हर्नियामुळे बेतानं उडालो. बँकेत हेच चालतं. व्हाउचर मी करतो, पास दुसरा करतो. अमुक रकमेपर्यंत एकाची सही चालते, त्यावर वरच्याची लागते, त्याच्यावर आणखी वरच्याची. माणूस जसजसा पारखला जातो तसतशी मर्यादा वाढते. इथं कुणी कुणावर अविश्वास दाखवत नाही. विश्वास हप्त्याहप्त्यानं टाकायची ती रीत आहे. लहानपणी वडील सायकलचं कॅरिअर धरून मागं पळायचे, तेव्हा सायकल कोण चालवत होतं? आपणच. मग वडील काय करत होते? वडील 'असत' होते. एकट्याला जमत नाही, पण जाणता माणूस पाठीशी असला की जमतं, अशा जागेवरच माणूस शिकतो, हे व्हिगॉट्स्की नावाचा रशियन मानसशास्त्रज्ञ शंभरएक वर्षांपूर्वी सांगून गेलाय.

"आणि मामा, हा जाणता माणूस नंतरही लागतो," भाचा म्हणाला. अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे, वडील मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, आठ वर्षं सर्जन म्हणून काम केल्यावर त्यांना वाटलं की आपली प्रगती थांबलीय. त्यांनी आपल्या निवृत्त गुरुजींना ऑपरेशन थिएटरात येऊन नुसतं पाहायला सांगितलं. गुरुजींनी पाहिलं आणि सांगितलं: मध्येच तुझं कोपर खांद्याएवढं वर जातं, आणि दिवा जखमेवरून कधीच सरकला होता, तुझं लक्षच नव्हतं. गावंडेंनी हे सगळं २०११ साली छापून जाहीर केलं. कॅशला बसणाऱ्याला असे गुरुजी लागत नाहीत. संध्याकाळी टॅली लागली नाही की त्याला लगेच कळतं, आणि पैसे कमी भरले तर खिशातून भरावे लागतात. सर्जनच्या कोपराची टॅली रोज संध्याकाळी लागत नाही. ती कुणीतरी लावून द्यावी लागते.

या सगळ्या शास्त्राचा ताळेबंद मी माझ्यापुरता मांडला. चूक केल्याशिवाय हात बसत नाही, हे कुणालाच टळलेलं नाही. तेव्हा चूक जिथं स्वस्त पडेल तिथं ती करू द्यावी. भोपळा स्वस्त, केळं त्याहून स्वस्त. यंत्र महाग, पण माणसाहून स्वस्तच. अमेरिकेत येल इथं २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सोळा शिकाऊ सर्जनांपैकी निम्म्यांनी पित्ताशय सोडवण्याचा सराव आधी कॉम्प्युटरच्या पडद्यावर केला. त्यांनी प्रत्यक्ष पेशंटवर ते काम २९ टक्के लवकर केलं, आणि पित्ताशयाला इजा किंवा भलतीकडे डाग देण्याचा प्रकार सराव न केलेल्यांच्या हातून पाचपट अधिक घडला. म्हणजे तेवढी रक्कम पेशंटच्या नावे पडायची ती पडद्याच्या नावे पडली.

कारण पूर्वी ती कुणाच्या नावे पडत असे, हे सांगायला हिशेबनीस नको. ज्याच्याकडे पैसा तो अनुभवी हात निवडायचा. ज्याच्याकडे नाही तो फुकटच्या वॉर्डात नव्या हाताखाली यायचा. शिकण्याचा सगळा खर्च गरिबाच्या पोटावर, आणि जमा झालेला अनुभव पुढं माझ्यासारख्या विमेवाल्यांच्या सेवेला. हे लक्षात आल्यावर मी खाजगी हॉस्पिटलचं नाव काढलं नाही. मी काही धीट नाही. पण ज्यांना नाही म्हणता येतं ते सगळे नाही म्हणाले, तर नव्या सर्जनच्या वाट्याला फक्त नाही म्हणता न येणारे उरतात, एवढा हिशेब बी.कॉम.लाही जमतो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर स्वतः खाटेशी आले. "हे डॉक्टर करतील. मी पूर्ण वेळ समोर आहे. गरज वाटली तर मी हातात घेईन. तुम्हांला चालेल?" मी सही केली. अक्षर थोडं थरथरलं, पण बँकेत ती सही पास झाली असती. शेजारच्या खाटेवर मार्केट यार्डातला हमाल होता, त्यालाही हर्नियाच. सरांनी त्यालाही त्याच शब्दांत विचारलं. मला स्वतःला विचारल्यापेक्षा याचं अधिक बरं वाटलं. तो म्हणाला, "करू द्या की. पोत्याला पहिल्यांदा हूक लावला तवा माझ्या मागं बी म्हातारा उभा हुता."

मणक्यात इंजेक्शन दिल्यामुळे खालचं सगळं बधिर आणि कान जागे. पडद्यापलीकडून आवाज येत होते. "थांब. ही नस दिसली? आधी ती ओळख, मग पुढं." मग काही वेळ नुसतं "हं." मग "जाळी इथं नीट पसरव." पुन्हा "हं." सुरुवातीला सरांची वाक्यं होती, मग शब्द झाले, शेवटी शेवटी नुसते हुंकार. त्या प्रत्येक हुंकाराशी माझ्या व्हाउचरवर एकेक सही होत होती. कॅरिअरवरचा हात सुटत चालल्याचं सायकलवरच्या पोराला कळत नाही. कॅरिअरवर बसलेल्याला स्पष्ट कळतं.

जखम महिन्याभरात बरी झाली. आज ती पाहायची म्हटलं तर चष्मा लागतो.

भाचा आता थर्ड इयरला आहे. म्हणजे ब्रीदवाक्यातल्या तिसऱ्या कलमावर, एक शिकवण्यावर. गेल्या रविवारी तो आपल्या ज्युनिअरला घेऊन आमच्याकडे आला होता. पोरगा खाली मान घालून केळं शिवत होता आणि भाचा त्याच्या समोर उभा राहून "हं" म्हणत होता. सौ. आता एकाऐवजी दोन डझन केळी आणते. तो खर्च मात्र सरळ माझ्या नावे पडतो, आणि त्याच्यावर वरच्या कुणाची सही लागत नाही.